पाच नावांची चिठ्ठी

एका राज्याची कचेरी उंच टेकडीवर होती आणि गाव पायथ्याशी, तळ्याच्या काठी. मध्ये चारशे पायऱ्या. मग कुणा हुशार माणसाने वरपासून खालपर्यंत दोर बांधला आणि त्याला टोपली लावली. टोपलीत चिठ्ठी टाकली की सुर्रकन खाली, दोर ओढला की उत्तर वर. तेव्हापासून पायऱ्यांवर गवत उगवलं.

कचेरीत एक तरुण लेखनिका होती. कामाला चोख, पण कुणी दुखावलं जाईल या धास्तीने सदा अर्धी झालेली. एका सकाळी तिला खिडकीतून तळ्याच्या बांधावर ओल दिसली. तिने लगेच लिहिलं, ‘बांध पाझरतो आहे. पाहणी व्हावी.’

पण नाव कुणाचं घालायचं? एकट्या गवंड्याचं घातलं तर पाटील रुसणार, पाटलाचं घातलं तर मुकादम फुगणार. म्हणून तिने गावातल्या पाचही कारभाऱ्यांची नावं ओळीने लिहिली आणि प्रत्येकाला एकेक प्रत धाडली.

संध्याकाळपर्यंत पाच उत्तरं वर आली. ‘पत्र पावले.’ ‘योग्यच सुचवलेत.’ ‘तातडीने लक्ष घालावे.’ तिचा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या दिवशी ओल दुप्पट झाली होती. घाबरत घाबरत तिने ती उत्तरं म्हाताऱ्या दफ्तरदारांपुढे ठेवली. त्यांनी सावकाश वाचली.

“अक्षर सगळ्यांचं छान आहे,” ते म्हणाले. “पण यातला जाणार कोण?”

तिने पुन्हा पाहिलं. ‘मी जातो’ असं एकातही नव्हतं.

आता बोलणी बसणार म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. दफ्तरदारांनी मात्र काठी उचलली आणि ते दुखरे गुडघे सावरत पायऱ्या उतरायला लागले. ती मागोमाग.

गवंडी अंगणात जेवत होता. दफ्तरदारांनी चिठ्ठीचा विषयसुद्धा काढला नाही.

“बांध तू बघशील का रे, आज?” एवढंच विचारलं.

“बघतो की,” म्हणत गवंडी हात धुऊन उठला. “मलाच सांगायचं होतं होय? मला वाटलं, लग्नपत्रिकेत घालतात तसं मानानं नाव घातलंय.”

खेकड्यांनी बांध हातभर आत पोखरला होता. दिवस मावळायच्या आत बीळ बुजलं. आणखी एक दिवस गेला असता तर खालची सगळी भातशेती वाहून गेली असती.

वर चढताना लेखनिका हळूच म्हणाली, “चूक माझीच होती.”

“ओल आधी कुणाला दिसली?” दफ्तरदार म्हणाले. “तुलाच ना? मग आता हात दे. पायऱ्या फार आहेत.”

त्यानंतर तिच्या कामाच्या चिठ्ठीवर एकच नाव असे. आणि ‘मी करतो’ असं उत्तर आलं नाही, तर ती स्वतःच खाली उतरे. पायऱ्यांवरचं गवत हळूहळू गेलं.

तात्पर्य एवढंच: चिठ्ठी टोपलीतून जावो की ईमेलने, पाच जणांना कळवलेलं काम कुणालाच सांगितलेलं नसतं.