आधी ग्रुप, मग नाव

"पण सर, क्रमानं असं काय बिघडतं?" शर्वाणीनं विचारलं.

मुकादमसरांनी खुर्ची भिंतीशी सरकवली. ते स्क्रीनवरच्या ओळी पुन्हा वाचू लागले.

डोंगराळ तालुक्यातलं धर्मादाय रुग्णालय ते. तिथली कॉम्प्युटरची खोली सरांनी एकवीस वर्षं सांभाळली. महिनाअखेर ते निघणार होते आणि त्यांची जागा शर्वाणी घेणार होती. पोर हुशार, आणि आपण हुशार आहोत हे तिला पुरेपूर ठाऊक.

वाडीवस्तीवरच्या रुग्णांना तपासणीचे कागद घरबसल्या फोनवर मिळावेत, म्हणून तिनं एक प्रोग्राम लिहिला होता. सुरू होताना त्याला रूट व्हावं लागे. रूट म्हणजे मशीनचा मालक. त्याला कुठलंच दार बंद नसतं. एकदा काम सुरू झालं, की मात्र त्यानं मालकी सोडायची, मालकाचा ग्रुप, म्हणजे त्याच्या गोतावळ्यातली जागाही सोडायची आणि 'टपाल' नावाचा साधा युजर व्हायचं. जो रुग्ण हो म्हणेल, त्याचाच कागद टपालच्या हाती. बाकीचे मालकाच्या कुलपात.

"दोनच तर ओळी आहेत," शर्वाणी म्हणाली. "एक युजर बदलते, दुसरी ग्रुप. आधी हा बदलला काय नि आधी तो बदलला काय! दोन्ही लिहिल्यात ना मी?"

"लिहिल्यास."

"मग?"

"तो टपाल झाला?"

"झाला की. हे बघा, नाव दिसतंय."

"नाव दिसतंय..." सर म्हणाले. "त्याच्याकडे कुलपातला एक कागद माग. चारशे सतरा नंबरचा. तू टाइप कर."

हे 'तू टाइप कर' तिला अलीकडे टोचायचं. सहा महिने झाले, सरांनी की-बोर्डला बोट लावलं नव्हतं. उतारवयात माणूस आळसावतो, असं तिनं घरी आईला सांगूनही टाकलं होतं.

"देणार नाही तो," ती हसत म्हणाली आणि चाचणीच्या खिडकीत तिनं नंबर टाकला.

त्यानं दिला.

शर्वाणीचं हसू जागच्या जागी विरलं.

इब्राहिम हसन मुकादम. वय एकोणसाठ. दोन्ही हातांना कंप. त्याखाली आजाराचं नाव, आणि त्यापुढे डॉक्टरांनी लिहिलेले दोन शब्द... वाढत जाईल.

तिनं झटकन स्क्रीनवर तळहात ठेवला. जणू पाठीमागून कुणी वाचत होतं. खोलीत तर दोघंच होती.

"सर..."

"वाचलंस?"

"तीन ओळी."

"पुष्कळ झालं."

तिला मान वर करवेना. बाहेर कुणीतरी औषधाच्या खिडकीचा पत्ता विचारत होतं. तो आवाज लांब गेला. तिनं चाचणीची खिडकी बंद केली.

"मी तुम्हाला आळशी म्हणाले, सर. आईजवळ."

"बरं केलंस. मीच तसं भासवत होतो."

"मला सांगायचं तरी..."

"सांगणार होतो. शब्द जुळत नव्हते."

शर्वाणीनं नाक ओढलं. मग तिला एकदम रागच आला. कुणाचा, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"पण दुसऱ्या कुणाचाही कागद मागवता आला असता ना!"

"दुसऱ्या कुणाला 'चालेल का' म्हणून विचारलं नव्हतं," सर म्हणाले.

...

ओढणीनं डोळे पुसून तिनं प्रोग्राम उघडला. आता तिला ते लख्ख दिसलं. पहिल्या ओळीत युजर बदलला आणि मालकी गेली. दुसऱ्या ओळीत तो ग्रुप बदलायला गेला, तेव्हा बदलण्याचा हक्कच उरला नव्हता. मशीननं 'नाही' म्हटलं होतं. ते ऐकून घ्यायला तिनं प्रोग्रामला सांगितलंच नव्हतं. नाव टपालचं, ग्रुप मात्र अजून मालकाचा. आणि ते कुलूप ग्रुपलाही उघडत होतं.

तिनं ओळी फिरवल्या. आधी मालकाबरोबर आलेले जोडीचे सगळे ग्रुप सोडले, मग मुख्य ग्रुप, आणि युजर अगदी शेवटी. प्रत्येक ओळीखाली 'झालं का?' असं विचारलं. झालं नसेल, तर प्रोग्रामनं तिथेच बंद पडायचं.

"झालं, सर."

"आता त्याला पुन्हा रूट व्हायला सांग."

"पुन्हा? आत्ताच तर सोडलं सगळं!"

"म्हणूनच."

शर्वाणी थबकली. क्षणभरानं तिच्या ध्यानात आलं, सोडलेलं खरंच सुटलं का, ते असंच कळणार होतं. तिनं आणखी दोन ओळी लिहिल्या. पुन्हा मालक हो. होता आलं, तर तिथेच थांब.

प्रोग्राम चालवला.

'परवानगी नाही.'

मग तिनं पुन्हा चारशे सतरा नंबर टाकला.

'परवानगी नाही.'

एरवी हे शब्द दिसले की ती टेबलावर पेन आपटायची. आज ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"नाही म्हणतोय, सर," ती हळूच म्हणाली.

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

सर खुर्चीतून उठले. उठताना त्यांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि हात तसाच राहू दिला. तो थरथरत होता. शर्वाणी जराही हलली नाही.

"मग आता जाऊ दे त्याला," सर म्हणाले, "लोकांच्या घरी."