चिमीचा बदाम आणि झोपलेली गाडी

एक बदामाचं झाड होतं. झाडात एक ढोली होती. ढोलीत राहायची चिमी खार आणि तिचं पिलू.

पिलू इवलंसं. त्याला नुकतेच दात आले होते.

पिलू म्हणालं, "आई, मला बदाम!"

चिमीनं झाडावरचा सगळ्यात मोठा बदाम तोडला. तोडला आणि… सुटला!

टप्! गडगड गडगड गडगड.

झाडाखाली सगुणाआत्याची पिवळी गाडी उभी होती. गाडीच्या चाकामागे एक वीट होती. इकडे चाक, तिकडे वीट आणि मधे बदाम. गच्च!

चिमीनं ओढला. निघेना. ढकलला. निघेना.

वरून पिलू ओरडलं, "आई, भूक!"

तुरुतुरु तुरुतुरु, चिमी चढली गाडीवर.

"गाडी गाडी, हल ना! बदाम अडकला."

गाडीनं जांभई दिली. कट् कट् कट्.

"कशी हलू? आत्या चार महिने लेकीकडे होती. मी आपली उभीच. माझी बॅटरी झोपली. बॅटरी जागेना, मी हलेना."

तुरुतुरु तुरुतुरु, चिमी शिरली गाडीच्या पोटात. तिथे होती बॅटरी.

"बॅटरी बॅटरी, जाग ना! बदाम अडकला, गाडी हलेना."

"अंऽऽऽ. कशी जागू? अंगात ताकदच नाही. शेजारच्या टेम्पोकडे खूप ताकद आहे. लाल-काळी वायर ती मला आणून देईल. पण वायर पोचेना, मी जागेना."

तुरुतुरु तुरुतुरु, चिमी गेली पडवीत. तिथे खिळ्याला लटकत होती वायर.

"वायर वायर, पोच ना! बदाम अडकला, गाडी हलेना, बॅटरी जागेना."

"कशी पोचू? मी एवढी आखूड. टेम्पो पार तिकडे, फाटकापाशी. तो गाडीजवळ येईना, मी पोचेना."

तुरुतुरु तुरुतुरु, चिमी गेली फाटकापाशी. टेम्पो नुकताच धुतलेला. अंगावरून पाणी ठिबकत होतं, टिप् टिप्.

"टेम्पो टेम्पो, ये ना! बदाम अडकला, गाडी हलेना, बॅटरी जागेना, वायर पोचेना."

"कसा येऊ? मला चाकं आहेत, पण किल्ली कुठे आहे? किल्ली केरबाकाकांच्या खिशात. काका उठेनात, मी येईना."

तुरुतुरु तुरुतुरु, चिमी गेली शेजारच्या केरबाकाकांकडे. टेम्पो त्यांचाच. काका पायरीवर बसले होते.

"काका काका, उठा ना! बदाम अडकला, गाडी हलेना, बॅटरी जागेना, वायर पोचेना, टेम्पो येईना."

"कसा उठू? आज दसरा! टेम्पोला झेंडूचा हार घालायचा, मगच किल्ली फिरवायची. दरवर्षी हार करते तुझी सगुणाआत्या. हार होईना, मी उठेना."

तुरुतुरु तुरुतुरु, चिमी गेली आत्याकडे. आत्यासमोर टोपलीभर झेंडू होता. पण आत्या नुसतीच बसली होती.

"आत्या आत्या, हार कर ना! बदाम अडकला, गाडी हलेना, बॅटरी जागेना, वायर पोचेना, टेम्पो येईना, काका उठेनात."

"कसा करू बाई? सकाळी नवा दोरा काढला. चहा ठेवून येते, तर दोरा गायब! दोरा सापडेना, हार होईना."

तेवढ्यात पायरीवरून काका ओरडले, "सगुणाताई! हार आज होणार की पुढच्या दसऱ्याला?"

"गप बस रे केरबा!" आत्या ओरडली.

चिमीचे कान खाली गेले. शेपूटही खाली गेली.

दोरा कुठे आहे, ते चिमीला ठाऊक होतं. पांढरा दोरा. मऊ मऊ दोरा. सकाळी तिनंच तो तोंडात धरून नेला होता. आणि पिलाखाली अंथरला होता.

आता हळूच. तुरु… तुरु… चिमी गेली ढोलीत. पिलू दोऱ्यावर लोळत होतं.

"पिला पिला, सरक ना! बदाम अडकला, गाडी हलेना, बॅटरी जागेना, वायर पोचेना, टेम्पो येईना, काका उठेनात, हार होईना, दोरा सापडेना."

पिलू "कसा सरकू?" म्हणालं नाही.

पिलू सरकलं!

खालचं लाकूड टोचत होतं. तरी सरकलं.

"शहाणं गं माझं पिलू," चिमी म्हणाली. तिनं सगळा दोरा गोळा केला आणि आत्यापुढे नेऊन ठेवला.

"आत्या, दोरा मी नेला होता. पिलाखाली घातला होता."

आत्यानं कमरेवर हात ठेवले. "अगं चोरटे! मी सगळं घर धुंडाळलं!"

मग आत्याला हसू आलं. "पिलाखाली होय? मग आता ते कशावर निजेल?"

आत्यानं जुन्या साडीचा मऊ तुकडा फाडला. टर्रर्र! "हे घे. हे अंथर."

चिमीनं तुकडा छातीशी धरला. "आत्या, तू किती चांगली!"

आणि मग काय!

दोरा सापडला, हार झाला.

हार झाला, काका उठले. टेम्पोला हार घातला. टेम्पोच्या पाया पडले. किल्ली फिरवली.

काका उठले, टेम्पो आला. घर्र घर्र घर्र!

टेम्पो आला, वायर पोचली. काकांनी वायरचे चिमटे लावले. लाल चिमटे लालवर, काळे चिमटे काळ्यावर.

वायर पोचली. आत्यानं गाडीची किल्ली फिरवली. कट् कट् कट्.

"आई, भूक!" पिलू वरून ओरडलं.

"थांबा जरा," काका म्हणाले. "चार महिन्यांची झोप आहे. बॅटरीला घोट घोट पिऊ दे."

सगळे थांबले. आत्या थांबली. चिमी थांबली. चिमीची शेपूटसुद्धा थांबली.

आत्यानं पुन्हा किल्ली फिरवली. कट्… घुर्र… घुर्र… भुर्रर्रर्र!

बॅटरी जागली! गाडी हलली!

आधी गाडी जराशी मागे झाली. बदामावर चाक. टच्च! मग गाडी पुढे गेली. भुर्रर्रर्र!

चिमी धावली. बदामाचं टणक कवच फुटलं होतं. आतली बी अख्खी. गोरी गोरी, गोड गोड. पिलाच्या छोट्या दातांना अगदी हवी तशी!

चिमीनं बी तोंडात धरली नाही. आधी ती सगळ्यांकडे वळली.

"गाडीबाई, बरं केलंत. बॅटरीबाई, बरं केलंत. वायरबाई, बरं केलंत. टेम्पोदादा, बरं केलंत. काका, बरं केलंत. आत्या, फार फार बरं केलंस!"

"आणि गाडीला काय सांगशील?" काकांनी आत्याला विचारलं.

"दर रविवारी तुला फिरवून आणीन, असं सांगते," आत्या म्हणाली. तिनं दुसरा हार गाडीला घातला.

चिमी वर गेली. साडीचा तुकडा अंथरला. पिलाला त्यावर बसवलं.

"आणि पिला, सगळ्यांत बरं केलंस तू."

पिलानं बदाम खाल्ला. कुटुम कुटुम कुटुम.

बदाम गेला पोटात, पिलू गेलं झोपेत, आणि गाडी तेवढी जागी!