मिटलेला तुरा

पाखरं परमुलखात जाऊन आली की वर्षभर त्याच्या बढाया मारायची, त्या काळातली ही गोष्ट. एक हुदहुद पक्षी डोंगर ओलांडून साळुंक्यांच्या देशात उतरला आणि उतरताच डोक्यावरचा केशरी तुरा फुलवून ऐटीत उभा राहिला.

“पाव्हणं, तो तुरा आधी मिटा,” म्हातारी साळुंकी म्हणाली. “इथला ससाणा नवख्यांनाच हेरतो.”

“पण मावशी, माझी सगळी शान या तुऱ्यातच आहे!”

“शान कुठं पळून जात नाही. आणि हे बघा, खार ओरडली की चोचीतलं टाकून बोरीच्या काट्यांत शिरायचं. का, ते मागाहून विचारायचं.”

हुदहुदाला काही ते पटलं नाही. तरी मुलूख त्यांचा, म्हणून त्यानं तुरा मिटला आणि साळुंक्यांसारखा मान खाली घालून माती उकरू लागला.

बऱ्याच खटपटीनंतर एक गलेलठ्ठ अळी चोचीत आली, तोच खार किंचाळली. अळी टाकून तो सगळ्यांबरोबर बोरीत घुसला. वरच्या फांदीवर ससाणा येऊन बसला. भीतीनं हुदहुदाचा तुरा उभा राहू पाहत होता. त्यानं तो कसाबसा दाबून धरला. ससाण्याला काट्यांआड नुसत्या तपकिरी पाठी दिसल्या. तो चडफडत उडून गेला.

“आता उघडू?” हुदहुदानं विचारलं.

“उघडा की! आम्हालाही बघू द्या.”

भर उन्हात तुरा फुलला आणि साळुंक्यांनी एकच गलका केला.

ससाणा मात्र आजही सांगतो, “त्या वर्षी पाहुणा कुणी आलाच नाही.”