पाटातली भिंत

एकदा एका राजाने एका गुरूंच्या शिष्याला एका खोऱ्यात शांतता नांदवायला पाठवले.

खोऱ्यात दोन जमाती होत्या. सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, राहणारे सडेकर आणि नदीकाठचे काठकर. देव वेगळे, बोली वेगळी, लग्नातली गाणीही वेगळी. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेली ही माणसे एकमेकांच्या जिवावर उठली आणि काही वर्षे तिथे यादवी माजली. दोन्ही बाजू थकल्या तेव्हा राजाने तह घडवला आणि कारभार शिष्याच्या हाती दिला. बजावले एवढेच, की पुन्हा रक्त सांडले तर गावे उठवून दोन वेगळ्या मुलखांत वसवली जातील.

शिष्य विद्वान होता. यादवी का होते याचा त्याने देशोदेशी हिंडून अभ्यास केला होता. पण विद्वानांची एक खोड त्यालाही होती. उत्तर सापडले की तो प्रश्न विचारायचे थांबत असे. जिथे माणसे नाना तऱ्हेची, तिथे भांडण ठरलेले, तेव्हा त्यांची गाठच पडू नये, हे त्याचे उत्तर. त्याने बाजाराचे वार वेगळे केले, चावड्या वेगळ्या केल्या. राहता राहिला पाट. बंधाऱ्यावरून निघणाऱ्या त्या एकाच पाटावर दोघांची शेते भिजत, सडेकरांची आधी आणि काठकरांची शेवटी. पाटाच्या तोंडाशी एक जड फळी होती. ती उचलली की पाणी सुटे. जुना रिवाज असा, की फळीच्या एका टोकाला सडेकराने हात घालायचा, दुसऱ्या टोकाला काठकराने. शिष्याने पाटाच्या मधोमध दगडी भिंत बांधली, दोन फळ्या बसवल्या आणि पाणी सारखे वाटून दिले. तेव्हापासून खोऱ्यात कुणाचा आवाज चढला नाही.

मोठ्या अभिमानाने त्याने आपल्या वृद्ध गुरूंना ही शांतता पाहायला बोलावले. गुरूंचे तरुणपण याच खोऱ्यात गेले होते. पाटाच्या कडेने चालता चालता ते जुन्या गोष्टी सांगू लागले. पाणी सोडायच्या पाळीच्या सकाळी इथे कसा गलका उडे, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार कसा होई, आणि घसे बसले की याच बांधावर कांदा फोडून भाकरी कशी खाल्ली जाई. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. त्या दिवसांची फार आठवण येते, असे ते मोकळेपणाने म्हणाले.

मग त्यांनी पहार मागवली आणि भिंतीचा पहिला दगड स्वतः उपटला.

शिष्य हादरला. गुरूंचा हात धरवेना आणि बघवेनाही. म्हातारपणी बुद्धी फिरली की काय, अशी शंकाही मनात आली, आणि ती आल्याची त्याला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी भिंत साफ झाली, फळी पुन्हा एक झाली. त्यापुढची सकाळ पाळीची होती. शिष्याने बंधाऱ्यावर भालाईत उभे केले.

दोन्हीकडची माणसे जमली. सडेकरांतला धाकोजी आणि काठकरांतला राणबा, दोघेही पिकल्या केसांचे, फळीच्या दोन टोकांना भिडले. आधी पाणी कुणाच्या शेताला, यावरून जुंपली. आमचा हरभरा माना टाकतोय, असे राणबा म्हणाला. तुमचा हरभरा जन्मापासून माना टाकतोय, असे धाकोजीने ऐकवले. मागून माणसे सरसावली. शिष्य भालाइतांना खूण करणार तोच गुरूंनी त्याचे मनगट धरले.

फळी राणबाला पेलेना. धाकोजी वैतागला.

"झेपत न्हाई तर आलास कशाला? थोरल्याला धाडायचंस."

"थोरला हाय कुठं," राणबा म्हणाला. "गेला त्या लढाईत."

धाकोजीने फळी खाली टेकवली. "मला कुणी सांगितलं न्हाई."

"सांगणार कोण? आपण भेटलो कुठं?"

सरसावलेली माणसे मागे सरली. धाकोजीने पागोटे सावरले आणि खाली बघत म्हणाला, "माझा मधला बी गेला. हात घाल नीट. आज आधी तुझ्याकडं जाऊ दे."

"अर्धी पाळी घेतो," राणबा म्हणाला. "उपकार नगं. बाकीचं उद्या भांडू."

फळी उचलली गेली आणि पाणी सुटले.

गुरू शिष्याला म्हणाले, "मी आठवणीत रमतो, पण खोटे सांगणार नाही. पूर्वीही ही माणसे गोडीगुलाबीने राहत नव्हती. रोज भांडत होती, पण फळीवर दोघांचा हात होता. एका सडेकर कारभाऱ्याने काठकरांचा हात फळीवरून काढला, यापुढे पाण्याचे आम्हीच ठरवू म्हणाला, त्या वर्षी यादवी पेटली. देव तर त्याआधी शेकडो वर्षे वेगळेच होते. तू न्यायाने वागलास, बाळ. दोघांना पाणी सारखे दिलेस. पण तुझ्या भिंतीमुळे कुणाच्या घरात कोण मेले हेही कुणाला कळले नाही. ज्याचे दुःख ठाऊक नाही, त्याच्यावर पुन्हा शस्त्र उचलायला कितीसा वेळ लागतो?"

आपण सामसूम आणली आणि तिलाच शांतता म्हणत राहिलो, हे शिष्याला उमगले होते. बांधावर धाकोजी आणि राणबा उद्याच्या पाळीवरून पुन्हा हुज्जत घालू लागले होते. शिष्याने भालाइतांना घरी जायला सांगितले आणि त्या दोघांचे भांडण ऐकत तो तिथेच खाली बसला.