तीन माशांची परीक्षा

फार पूर्वी सुवेणा नदीकाठच्या हेमपुरात दृढसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने जलपरीक्षकांच्या कुळात जन्म घेतला आणि पुढे तो स्वतः राजाचा जलपरीक्षक झाला.

परीक्षेची रीत जुनी होती. नवा रंग वा लेप वापरात येण्यापूर्वी त्याचे धुवण एका घटात घेत आणि त्यात तीन मासे सोडत. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत तिन्ही जगले, तर परीक्षक आपली मुद्रा उमटवी, आणि ते धुवण नदीत सोडण्यास अनुज्ञा मिळे.

विणकरांच्या श्रेणीचा, म्हणजे संघाचा, प्रमुख पूर्णक याने असा एक लेप सिद्ध केला, की तो चढवलेल्या वस्त्रावर पाणी थांबत नसे. कितीही धुतले तरी तो उतरत नसे. प्रथम सैन्याने ती वस्त्रे मागितली, मग व्यापाऱ्यांनी, मग सगळ्यांनीच. परीक्षेत मासे जगले होते. मुद्रा बोधिसत्त्वानेच उमटवली होती.

बारा वर्षांनी नदीच्या खालच्या अंगाच्या गावातून उत्पला नावाची कोळीण आली. तिने पाण्याने भरलेली टोपली त्याच्यापुढे ठेवली. मासे जिवंत होते.

"मासा जगला की पाणी शुद्ध, असंच ना तुमचं शास्त्र?" ती म्हणाली. "मग बघा, जगलाय. पोटात अंडं मात्र सापडायचं नाही. माझी सूनही जगली आहे. तिची तीन लेकरं तेवढी गेली."

बोधिसत्त्वाने एका माशाची चरबी काढून साध्या कापडावर चोळली आणि वर पाणी ओतले. पाणी थेंब होऊन घरंगळले. वस्त्रावरून न उतरणारा लेप नदीतूनही उतरला नव्हता. तो देहांत साठत होता. जे मारायला बारा वर्षे घेते, ते आपण एका दिवसात पारखले, हे त्याला कळले.

त्याने राजाला सर्व सांगितले. राजाने लेपावर बंदी घातली. दहाव्या दिवशी पूर्णक सभेत नवा लेप घेऊन आला. त्यात एक द्रव्य बदलले होते आणि नावही निराळे होते. घटातले मासे सूर्यास्तापर्यंत जगले.

"पाहा आर्य, कसे नाचताहेत!" पूर्णक म्हणाला. "नियम आपल्याच पूर्वजांचा. उमटवा मुद्रा."

"हा तोच लेप आहे."

"सिद्ध करा."

"बारा वर्षे लागतील."

"आणि तोवर सैन्यानं भिजायचं?"

सभा हसली. हसणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर लेपाचे उत्तरीय होते. बोधिसत्त्वाने मुद्रा राजाच्या पायाशी ठेवली. राजाने ती दुसऱ्याला दिली, आणि त्याने ती तिथेच उमटवली.

बोधिसत्त्व खालच्या गावी चालत गेला.

"काय ठरलं, आर्य?" उत्पलेने विचारले.

धीराचे दोन शब्द बोलणे सोपे होते. तो म्हणाला, "पहिली मुद्रा माझी होती. चूक माझी. उद्या सारे लेप थांबले, तरी तुमच्या नातवंडांच्या हयातीत—"

"बोला की. कुठली नातवंडं?"

"ही नदी निवळणार नाही. गाळून नाही, उकळून नाही. गाव सोडा."

"जायचं कुठे?"

"ते मला ठाऊक नाही."

गाव उठले. वाटेत पाऊस लागला, तेव्हा उत्पलेने सुनेच्या अंगावर लेपाचेच वस्त्र घातले. दुसरे तिच्याजवळ नव्हते.

ही कथा सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची उत्पला ती आताची भिक्षुणी खेमवती. पूर्णक तो श्रेष्ठी उग्गक. हसणाऱ्या सभेतले पुष्कळ जण आज इथेही बसले आहेत. जलपरीक्षक मी होतो. लेपाने मात्र पुन्हा जन्म घेतलेला नाही, कारण तो अजून मेलेला नाही. त्या जन्मी मी सत्यपारमिता पाळली. नदी वाचली नाही."