परवाचा प्रश्न

"म्हणजे दारात आलेल्या माणसाला मागं लोटायचं आणि दिल्लीत जाऊन कायदे करत बसायचं, असं म्हणणं आहे का माई तुमचं?"

माईंचं काहीच म्हणणं नव्हतं. त्या घेवड्याच्या शेंगा सोलत होत्या.

"बोला ना, माई."

"तूच बोलतोयस. मी आइकतीय."

संपतराव डुबल गप्प झाले. सभेत, सभागृहात, लग्नाच्या मांडवात, कुठंही त्यांना गप्प करणारा माणूस जिल्ह्यात जन्माला आलेला नव्हता. आडदऱ्याच्या डोंगरावरच्या या मठात मात्र ते हमखास गप्प होत. रेवागिरी माईंनी त्यांना लहानपणी इथंच पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली होती. ज्याचा कान कुणी एकदा धरलेला असतो, तो पुढं खासदार झाला तरी त्या माणसासमोर कान सांभाळूनच बसतो.

आण्णा म्हणून सारा मुलूख त्यांना ओळखायचा. आण्णांच्या दारातून कुणी रिकाम्या हातानं परतत नाही, अशी ख्याती होती आणि ती खोटी नव्हती. कुणाच्या आजीला दवाखान्यात खाट, कुणाच्या पोराला कॉलेजात जागा, कुणाच्या वस्तीवर विजेचा खांब. पहाटेपासून अंगणात चपलांचा खच पडायचा. तो खच बघितला की आण्णांना बरं वाटायचं, आणि तसं वाटण्यात काही पापही नव्हतं.

आज अडचण वेगळी होती. परवा दिल्लीत संरक्षणाच्या समितीची बैठक होती. आणि परवाच आडदऱ्यात त्यांचा सत्कार होता.

"माझी माणसं हार घेऊन उभी राहणार, आणि मी तिकडं कागद चाळत बसणार?" संपतराव म्हणाले. "लोकांची सेवा मोठी की कायदा मोठा, एवढं सांगा. तुम्ही सांगाल तसं करतो."

"मग जा की दिल्लीला."

इतकं सोपं उत्तर मिळेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. खरं तर त्यांना ते नकोच होतं. ते उठले नाहीत.

माईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग दुसरी शेंग उचलली.

"दिल्लीत काय करता रे तुम्ही दिवसभर? मला लई दिवसांपास्नं इचारायचंय."

माईंना खरंच जाणून घ्यायचं होतं. सत्तरी ओलांडलेल्या या बाईला मुंग्या वारूळ कसं बांधतात इथपासून विमान कुणाच्या आधारानं उडतं इथपर्यंत सगळ्याचं कुतूहल होतं.

"सकाळी बंगल्यावर माणसं येतात. गावाकडची. त्यांची कामं बघतो, फोन लावतो."

"म्हंजे हितं करतोस त्येच."

"हो... तसंच."

"आन कायदा व्हतो तवा?"

"आत जाऊन बसतो. हात वर करायचा असला की करतो."

"मागल्या खेपंला कशापायी वर केला व्हतास?"

संपतरावांनी आठवून बघितलं. त्या दिवशी पाटणच्या एका बाईला दवाखान्यात खाट मिळत नव्हती, म्हणून ते फोनवर बाहेर उभे होते. मग कुणीतरी हाताला धरून आत नेलं. खाट मिळाली होती, हे त्यांना लख्ख आठवत होतं. बाईचं नावही आठवत होतं. कायदा मात्र...

"बऱ्याच गोष्टी असतात, माई," ते हसून म्हणाले.

माई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत.

"बरं. आन ती समिती?"

"तिथं सैन्याकडचे मोठमोठे साहेब येतात. खरेदीचं बघणारे, शस्त्रांचं बघणारे. आम्ही विचारायचं, त्यांनी उत्तर द्यायचं."

माईंच्या हातातली शेंग अर्धी उघडून तशीच राहिली.

"बंदूकवाल्यांनी? तुला?"

"मला म्हणजे... आम्हा सगळ्यांना."

"संपत, तुला साधी गोफण मारता येत न्हवती."

"तिथं गोफण लागत नाही, माई. नियमच तसा आहे."

"आन त्ये देत्यात उत्तर?"

"द्यावंच लागतं."

माई त्यांच्याकडं बघत राहिल्या. आपला हा विद्यार्थी आजच पहिल्यांदा दिसल्यासारखं त्यांचं बघणं होतं.

"ज्याच्याकडं एवढाल्या तोफा, त्यानं खुर्चीवर बसून एका धोतरवाल्याला हिशेब द्यायचा... कुणाच्या डोक्यात आलं आसंल रे ह्ये? लई शाना माणूस आसला पायजे."

संपतरावांना आतून गुदगुल्या झाल्या. आपण एवढं मोठं काही करतो, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पण लगेच काहीतरी टोचलंही. काय टोचलं ते बघायला वेळ मिळाला नाही, कारण पायऱ्यांवर कुणाचा तरी धापा टाकण्याचा आवाज आला.

ज्ञानू खुस्पे होता. आडदऱ्याचा. हातात नारळ, डोक्यावरची टोपी घामानं ओली. आण्णा मठात आहेत हे कळल्यावर म्हातारा सगळा डोंगर चढून आला होता.

"आण्णा," म्हणाला, आणि थेट पायांवर वाकला.

संपतरावांनी त्याला वरच्या वर धरलं. माईंना सांगितलं, "याचा मुलगा विलास. सैन्यात हवालदार. बर्फात पाय गोठला होता त्याचा. वेळेवर मोठ्या इस्पितळात हलवला म्हणून वाचला."

"आण्णांनी हलिवला," ज्ञानू म्हणाला. "एक फोन केला आन पोराला इमानातनं आणलं, माई. बोटं गेली, पर पाय ऱ्हायला. डाक्टर म्हनलं, आनखी उशीर झाला आस्ता तर गुडघ्यापातुर कापाय लागला आस्ता."

त्याचे डोळे भरून आले. संपतरावांचेही आले. ते नाटक नव्हतं. विलासची बातमी आली त्या रात्री ते जेवले नव्हते.

"परवा सत्काराला यायचं बरं का आण्णा. सारा गाव वाट बघतोय."

"बस, ज्ञानू," माई म्हणाल्या. "पानी घे. आन मला सांग, बोटं कशानं गेली?"

"बर्फानं."

"बर्फ काय आजचा हाय व्हय? पायात बूट न्हवतं?"

"व्हतं की. नवं कोरं. सरकारीच." ज्ञानूनं लोटा तोंडाला लावला, पाणी घटाघटा प्याला. "पैल्याच थंडीत तळ तडाकलं. आत वल शिरली. विलास सांगत व्हता, त्याच्या तुकडीत समद्यांचंच तसं झालंय."

"मग बाकीची पोरं?"

"बाकीची... वरच हायती अजून."

"कसल्या बुटात?"

ज्ञानूनं त्यांच्याकडं बघितलं. असला प्रश्न आपल्याला आधी का पडला नाही, असं त्याच्या तोंडावर दिसलं.

"त्याच की," तो हळूच म्हणाला.

म्हाताऱ्यानं नारळ देवापुढं ठेवला आणि सवयीप्रमाणं बाहेर पायरीवर जाऊन बसला. मोठी माणसं बोलत असताना आत थांबू नये, हे त्याला आयुष्यानं शिकवलं होतं.

माईंनी सूप बाजूला सारलं.

"परवा तुझ्या समितीत काय हाय?"

"...खरेदी."

"कशाची?"

"कपडे. तंबू." संपतराव थांबले. "बूट."

"मग बरं झालं. इचार की."

संपतरावांनी सुपातली एक शेंग उचलली आणि परत ठेवली.

"ताकाला आलास, संपत," माई म्हणाल्या. "भांडं कशापायी लपिवतोस?"

आता मात्र खासदारांची भाषा गावाकडं घसरली. खरं बोलायची पाळी आली की त्यांची भाषा नेहमीच घसरायची.

"माई, विलासला इमानातनं ज्यांनी आणवलं, त्या साहेबांच्याच सहीनं बूट आल्याती."

"हं."

"परवा समोर त्येच बसणार. मला म्हनले व्हते, संपतराव, काही काम असलं तर संकोच करू नका, कधीही फोन करा. आन मी केला, माई. एकदा न्हाई, धा येळा केला. कुणाची बदली, कुणाची रजा, कुणाची आई आजारी. एकाही कामाला न्हाई म्हनले न्हाईत. विलासला आता बसून करायचं काम देतो म्हनल्याती. त्याचा कागद यायचा हाय अजून."

पायरीवर बसलेल्या ज्ञानूच्या पाठीकडं त्यांनी बघितलं. म्हाताऱ्याला ऐकू येत होतं की नाही, कळत नव्हतं.

"मी चौघांत त्यांना बुटाचं इचारलं, की झालं. तो फोन बंद. विलासचं काम ग्येलं. त्या बाकीच्यांचं बी ग्येलं. मला सांगा, ही माणसं मग कुणाच्या दारात जातील?"

आपली बाजू खरी आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि ती निम्मी खरी होतीही. घोडं पेंड खात होतं ते उरलेल्या निम्म्यात.

"उद्या दुसरा विलास आला," ते म्हणाले, "तर मी फोन कुणाला लावू?"

"दुसरा विलास येनार म्हनतोस?"

"येणारच की. त्याच बुटात हायती समदी..."

आणि ते थांबले.

स्वतःचंच वाक्य त्यांनी पुन्हा एकदा मनात ऐकलं. मग आणखी एकदा.

देवापुढची समई मंद झाली होती. माई उठल्या, तेल घातलं, वात पुढं सारली. घाईनं काही करायची त्यांना सवय नव्हती.

शेवटी संपतरावही उठले. आता उत्तर मागण्यात अर्थ नाही, एवढं त्यांना कळलं होतं. उत्तराशिवाय डोंगर उतरायचा, तर निदान देवाचं काहीतरी घेऊन उतरावं.

"तीर्थ द्या, माई. निघतो."

त्यांनी उजव्या तळव्याची वाटी करून पुढं धरली. खाली डावा हात धरला, लहानपणी शिकवलं होतं तसा. माईंनी पळी भरून तीर्थ घातलं. मग आणखी एक पळी. तळवा काठोकाठ भरला.

संपतराव हात ओठांकडं नेऊ लागले.

"थांब. पिऊ नगंस."

ते थांबले.

"त्यो खांब दिसतोय?"

"दिसतोय."

"तुझं साहेब तिथं बसल्यात आसं समज. दाखीव त्यांच्याकडं बोट. म्हन, बूट तुमी घेतलं."

संपतरावांनी खालचा डावा हात मोकळा केला.

"डाव्यानं न्हवं. ज्या हातानं घेतलंस, त्याच हातानं."

"माई... सांडंल."

माईंनी खांबाकडं मान केली.

संपतरावांनी तळव्यातल्या पाण्याकडं बघितलं. त्यात तुळशीचं एक पान तरंगत होतं. तीर्थाचा थेंबही भुईवर पडू द्यायचा नाही, हे त्यांना याच मठात शिकवलं होतं, आणि शिकवणारी समोरच उभी होती. ज्ञानूही आता मागं वळून बघत होता. लोटा त्याच्या हातातच होता.

खांब आपला खांबच होता. तरी त्याच्याकडं बघताना संपतरावांच्या कपाळावर घाम आला. ते हसले असते तर सुटले असते, पण हसू येईना.

त्यांनी तर्जनी सोडवायचा प्रयत्न केला. बाकीची बोटं मिटलेलीच ठेवून, फक्त एक. जमेना. तळवा वाकडा झाल्याशिवाय बोट काही सरळ होईना.

मग त्यांनी डोळे मिटले आणि हात उचलून बोट खांबाकडं केलं.

पाणी मनगटावरून ओघळलं. कडक इस्त्रीच्या बाहीत शिरलं, कोपरापर्यंत गेलं, तिथून भुईवर पडलं. पायरीवरून ज्ञानू "आरारा!" म्हणाला.

संपतराव दचकले. उरलंसुरलं तरी वाचावं म्हणून हात चटकन आत घेऊ लागले.

माईंनी मनगट धरलं. म्हाताऱ्या बोटांत एवढी ताकद असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"सांडलं त्ये सांडलं, संपत. बोट खाली घिऊ नगंस."