डॅशबोर्डवरची टिकली

एकदा एका वृद्ध मिस्त्रीनं, आपल्याच शिष्यानं नुकतीच दुरुस्त केलेली गाडी स्वतःच्या हातानं पुन्हा बिघडवली. चुकून नव्हे, मुद्दाम. मला ही हकिगत प्रथम कळली तेव्हा मी म्हणालो, "काहीतरीच काय! म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं की काय?" तुम्हीही तेच म्हणाल. जरूर म्हणा, पण आधी शेवटपर्यंत ऐका.

कऱ्हाडच्या बाहेर, हमरस्त्याला लागून नाना लोहारांचं गॅरेज होतं. नाना बोलायला कमी आणि बघायला जास्त. त्यांच्या हाताखाली संग्राम नावाचा तरुण काम शिकत होता. पोरगा हुशार, हाताला चलाख, पण जरा उतावळा. शेवटचा नट आवळला की "झालं!" असं मोठ्यानं म्हणायची त्याला भारी हौस. नाना त्यावर नुसतं "हं" म्हणत. त्या "हं"चा अर्थ काय, हे संग्रामला अजून उमगलं नव्हतं.

एके सकाळी दिगंबर शेवाळे आपली मिनीव्हॅन घेऊन आले. अख्खं कुटुंब गाडीत होतं. पुढं त्यांची बायको सुलभा, मधल्या सीटवर दोन मुलं, आणि अगदी मागच्या सीटवर, बॅगांच्या शेजारी, शेवाळ्यांची शकूआत्या. आत्यांचं लग्न झालं नव्हतं. आधी भावाच्या घरी राहिल्या आणि भाऊ गेल्यावर भाच्याच्या. सुलभाच्या भावाचा दुसऱ्या दिवशी नाशिकला साखरपुडा होता आणि आज संध्याकाळीच सगळ्यांना निघायचं होतं. सकाळची खरेदी उरकून मंडळी थेट गॅरेजात आली होती.

"नाना, गाडी पेट्रोल पिते नुसती," शेवाळे म्हणाले. "मागनं काळा धूर निघतोय. दुपारपर्यंत काहीतरी करा बघा."

संग्रामनं मशीन जोडून तपासलं आणि त्याचा चेहरा खुलला. "सापडलं! सेन्सर गेलाय. म्हणजे बघा साहेब, धुराच्या नळीत गाडीचं एक नाक बसवलेलं असतं. ते धूर हुंगतं आणि इंजिनाला सांगतं, हवा किती झाली, पेट्रोल किती झालं. तुमच्या गाडीचं ते नाकच बिघडलंय. उगाच सांगत सुटलंय, पेट्रोल कमी पडतंय, आणखी ओता, आणखी ओता."

"मग नाक बदला," शेवाळे हसत म्हणाले.

गाडीत वाकून बघताना संग्रामला एक गंमत दिसली. डॅशबोर्डवर जिथं इंजिनात बिघाड झाला की पिवळा दिवा लागतो, नेमकी तिथं एक मोठी मरून टिकली चिकटवलेली होती.

"वहिनी, हे काय हो?"

सुलभा जरा लाजली. "अहो, तो दिवा सारखा पेटलेला असायचा. ह्यांचं लक्ष त्याच्याकडेच. घाटात सुद्धा! म्हटलं, कशाला उगाच जिवाला घोर? लावून टाकली टिकली."

सगळे हसले. संग्रामही हसला. बाईमाणसाची टिकली आपण कशाला काढायची, म्हणून त्यानं ती तशीच राहू दिली.

तेवढ्यात मागचं दार उघडून शकूआत्या उतरल्या. दाराला धरून उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. "बाळा, घोटभर पाणी मिळेल का?" त्या म्हणाल्या.

"तिला गाडी लागते," शेवाळ्यांनी मागं न बघताच सांगितलं. "तिचं काही मनावर घेऊ नका, नेहमीची कुरकुर आहे. गोळी दिली की झोपते."

संग्रामनं पाणी आणून दिलं. "आत्या, आता बघा, गाडी कशी पळते!" आत्यांनी मान हलवली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

संग्रामनं नळी गार होऊ दिली. जुना सेन्सर गंजून घट्ट बसला होता. तेल सोडून, पाना लावून, घामाघूम होत त्यानं तो काढला. नवा सेन्सर आटे सांभाळून बसवला, वायरचा प्लग खट्कन जोडला, मशीनवरची जुनी तक्रार पुसली आणि गाडी सुरू केली. धूर स्वच्छ झाला होता. संग्राम ओरडला, "झालं!"

"हं," नाना म्हणाले.

ते उठले. गाडीभोवती सावकाश फिरले. मागचं मोठं दार वर करून त्याच्या कडेच्या रबरावरून त्यांनी बोट फिरवलं. बोटाकडे बघितलं. मग बाकावर बसलेल्या आत्यांकडे बघितलं. मग बॉनेटपाशी आले, आत हात घातला आणि शिष्याच्या डोळ्यांदेखत नव्या सेन्सरचा प्लग उपसून काढला.

संग्राम धावत पुढं आला. ज्या माणसानं त्याला पाना कसा धरायचा हे शिकवलं, तो माणूस गिऱ्हाइकाची गाडी बिघडवतोय? "नाना! अहो नाना, हे काय करता?" तो पुटपुटला.

नानांनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. बॉनेट बंद केलं आणि शेवाळ्यांना हाक मारली. "साहेब, नाक्यापर्यंत एक चक्कर मारून या. काही वेगळं जाणवलं तर सांगा. काचा मात्र सगळ्या उघड्या ठेवा. आणि आत्या इथंच बसू देत."

बायको-मुलांना घेऊन शेवाळे गाडीतून गेले. संग्रामचा जीव खालीवर होत होता. टिकलीच्या मागं एव्हाना दिवा पेटला असणार, हे त्याला ठाऊक होतं. नाना आत्यांशेजारी बाकावर बसले आणि हळू आवाजात काहीतरी विचारत राहिले.

थोड्या वेळानं मंडळी परत आली. शेवाळे खूश होते. "फर्स्टक्लास! काही म्हणजे काही तक्रार नाही. संग्राम, तुझ्या हाताला गुण आहे बाबा!"

नाना गाडीत बसले. नखानं त्यांनी टिकलीची कड उचलली आणि ती अलगद सोलून काढली. खाली पिवळा दिवा ढणढण पेटलेला होता.

सुलभाचा हात तोंडावर गेला. शेवाळ्यांचा चेहरा क्षणात उतरला आणि दुसऱ्या क्षणी लाल झाला. "म्हणजे काम झालंच नाही?"

"सेन्सरचं काम चोख झालंय. पोराची काही चूक नाही. प्लग मी काढला."

"तुम्ही काढला? मुद्दाम? नाना, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? माझी मुलं होती गाडीत!"

"होती ना," नाना शांतपणे म्हणाले. "आणि गाडी सगळा वेळ ओरडत होती. तुम्हाला ऐकू आलं का?"

नानांनी त्यांना गाडीच्या मागं नेलं आणि रबरावरून बोट फिरवायला सांगितलं. शेवाळ्यांचं बोट काजळीनं काळं झालं. रबर एका कोपऱ्यात फाटलं होतं आणि काजळी बाहेरच्या बाजूला नव्हती. ती आतल्या बाजूला होती, मागच्या सीटच्या पाठीपर्यंत पसरलेली.

"सेन्सर बिघडला म्हणून पेट्रोल जास्त जळायला लागलं, धूर विषारी झाला. रबर फाटलं म्हणून तो धूर आत शिरला. एसी लावता, काचा बंद करता. मग तो जाणार कुठं? पेट्रोलचा वास आला तर आला, पण त्यातल्या विषाला वाससुद्धा नसतो. ते नुसती झोप आणतं." नाना थांबले. "आज सेन्सर बदलला म्हणजे निम्मंच काम झालं. रबर तसंच आहे. संध्याकाळी तुम्ही निघाला असता. आत्यांना गोळी दिली असती. त्या झोपल्या असत्या. नाशिक आल्यावर तुम्ही त्यांना उठवायला गेला असता..."

धाकटा मुलगा आईला चिकटला. शेवाळे गॅरेजच्या पायरीवरच बसले.

मग ते एकदम बाकाकडे वळून म्हणाले, "आत्या, अगं, एवढा त्रास होत होता तर सांगायचं नाहीस का?"

आत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. "सांगितलं की रे, दिगू. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा काच उघडलीस. धूळ येते म्हणून सुलभानं बंद केली. परत सांगितलं तेव्हा गोळी दिलीत. मग मी सांगायचं सोडून दिलं."

संग्रामला मघाचं आपलं हसणं आठवलं. पाणी हातात देताना त्यानं त्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे बघितलं होतं आणि गाडीबद्दल फुशारकी मारली होती.

नानांनी त्या दिवशी गाडी सोडली नाही. "रबर बसेल, नळी तपासली जाईल, मगच न्या," म्हणाले. मंडळी एसटीनं नाशिकला जायला निघाली. रिक्षात बसण्याआधी सुलभा आत्यांजवळ आली, घुटमळली आणि म्हणाली, "आत्या, एसटीत तुम्ही खिडकीपाशी बसा. चालेल ना तुम्हाला?" आत्या दचकल्या. त्यांनी मागं वळून बघितलं. आपल्यालाच विचारतायत, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला.

रिक्षा दिसेनाशी झाल्यावर संग्रामनं प्लग पुन्हा जोडला. मग हत्यारं पुसत बसला. शेवटी न राहवून म्हणाला, "नाना, रबर फाटलंय, धूर आत येतोय, हे तुम्ही सरळ तोंडानं सांगितलं असतं तरी चाललं असतं की. गाडी कशाला बिघडवलीत?"

नाना ती मरून टिकली अजून बोटावर घेऊन बसले होते. "अरे, सांगणारे का कमी होते? दिवा रोज सांगत होता, त्याच्यावर टिकली लागली. आत्या सांगत होत्या, त्यांना गोळी मिळाली. तिसरा मी सांगायला गेलो असतो, तर 'मिस्त्री काम वाढवतोय' म्हणून मलाही कुठंतरी गप्प बसवलं असतं. जो आपल्याला नको ते सांगतो, त्याला झाकायची माणसाला फार सवय. त्यांना काही सांगायचंच नव्हतं मला. आपण काय झाकलंय, हे त्यांचं त्यांनाच दिसायला हवं होतं." मग शिष्याकडे बघून म्हणाले, "आणि तुलाही. गाडीचं नाक तू झटक्यात बदललंस, संग्राम. गाडीतलं एक माणूस धूर हुंगून आजारी पडलं होतं, त्याला तू नुसतं पाणी दिलंस."

संग्रामनं मान खाली घातली. ते "हं" "खरंच सगळं झालं का?" असं विचारत होतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

पुढं नाना गेले, गॅरेज संग्रामकडे आलं. आजही त्याच्याकडे गाडी आली की तो बॉनेट उघडत नाही, मशीन जोडत नाही. आधी मागचं दार उघडतो, आत वाकतो आणि तिथं जो कुणी बसला असेल त्याला विचारतो, "तुम्हाला काय जाणवतं?" चालवणारे वैतागतात. तो उत्तर मिळेपर्यंत उभा राहतो.

तुमच्या घरात मागच्या सीटवर कोण बसतं? आज घरी गेल्यावर त्यांना एवढंच विचारून बघा.